मगवर घोषणा छापताना पाहुण्याचा विचार करा

मार्च 2015. ब्रिटनमध्ये निवडणूक तोंडावर आलेली, आणि लेबर पक्षाने पाच पौंडांना एक लाल मग विकायला काढला. त्यावर काय, तर 'स्थलांतरावर नियंत्रण'. पक्षाच्या पाच आश्वासनांपैकी हे एक. त्यांच्याच खासदार डायॅन ॲबट यांनी मग लाजिरवाणा असल्याचं जाहीरपणे सांगितलं. वर हेही सुनावलं की खरी अडचण मगची नाही, असलं आश्वासन यादीत आहे ही आहे.

धोरणाचा वाद बाजूला ठेवू. मला प्रश्न पडतो तो चहाचा. पोस्टर कुणाच्या तरी भिंतीवर असतं, आपण बघून पुढे जातो. मग आपण पैसे मोजून घरात आणतो, पाहुण्याच्या हातात देतो. आता दुसऱ्या देशातून येऊन शेजारी राहिलेल्या बाईला यातून चहा कसा द्यायचा? एवढे सल्लागार बसलेले, कुणाच्याच डोक्यात हे आलं नाही म्हणजे कमाल आहे. मे महिन्यात त्याच पक्षाने आश्वासनं साडेआठ फुटी दगडावरही कोरून घेतली. पुढे ते निवडणूक हरले आणि पक्षनेते एड मिलिबँड पायउतार झाले. दगड होता म्हणून लोक मगला जरा विसरले, एवढंच.

आपल्याकडे हा प्रश्न येत नाही. वाणात आलेल्या स्टीलच्या डब्यावर इच्छुक उमेदवाराचा हसरा फोटो असतो. बायका डबा रात्रभर गरम पाण्यात घालतात, सकाळी नखाने स्टिकर काढतात आणि डबा डाळीला लागतो. चिनी मातीवर ती सोय नाही. लिव्हरपूलच्या कारागिरांनी 1756च्या सुमारास तांब्याच्या पत्र्यावरचं चित्र पातळ कागदावरून भांड्यावर उतरवायचं तंत्र बसवलं. हाताने रंगवण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त, त्यामुळे राजकारण थेट स्वयंपाकघरात शिरलं. चित्र झिलईखाली असेल तर घासून घासून हात दुखतील, पण घोषणा जायची नाही.

या सगळ्यात मला मानावंसं वाटतं ते 1820च्या दशकातलं साखरेचं भांडं. कॅरिबियन बेटांवरची साखर गुलामांच्या घामाची, म्हणून ती घेऊ नका, अशी इंग्लंडमध्ये चळवळ होती. भांड्यावर लिहिलेलं असे: 'ईस्ट इंडियाची साखर, गुलामांनी न बनवलेली'. काहींवर हिशेबही: सहा कुटुंबांनी वेस्ट इंडीजऐवजी ही साखर वापरली तर एक गुलाम कमी लागेल. बायकांना मतदानाचा हक्क नव्हता, पण घरात कुठली साखर यायची हे बऱ्याचदा त्याच ठरवत. चहाला बोलावलेली शेजारीण चमचा घालताना ते वाचणार, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या घरी कुठली साखर आहे हा प्रश्न तिच्याच डोक्यात येणार. मजकूर आणि भांड्यातला जिन्नस एकच. लाल मगला हे जमलं नाही. त्याला फक्त मोकळी जागा मिळाली होती.

पण ही साखर आपल्याकडची, तेव्हा तेवढं बोलायला हवं. या साखरेचा आग्रह धरणाऱ्यांत लिव्हरपूलचे जेम्स क्रॉपर होते. गुलामगिरीचे कट्टर विरोधक, आणि स्वतः हिंदुस्थानी साखरेचे आयातदार. धंदा आणि धर्म एकाच गलबतात. शिवाय 'गुलामांनी न बनवलेली' हे शब्द भाजून पक्के झाले तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात गुलामगिरी कायदेशीर होती. ब्रिटिश संसदेने 1833 मध्ये गुलामगिरीबंदीचा कायदा केला, त्यातूनही कंपनीचा मुलूख वगळला. इथे कायदा आला 1843 साली. लंडनजवळच्या पेकहॅममधल्या दुकानात ते भांडं उचलणाऱ्या बाईला हे कोण सांगणार होतं? विकणारा तर नक्कीच नाही.

तरीही दोन्ही समोर ठेवले तर मी साखरेचं भांडंच घेईन. त्यातलं खोटं निदान तपासता येतं: साखर कुठून आली, कुणी केली, विचारत जा. लाल मगला काय विचारणार?