तिचं एक वर्ष तिच्या नावावर

2025 चा बारावीचा निकाल 5 मे ला लागला. धाकटीला 81 टक्के. पेढे वाटून झाले, फोन येऊन गेले. रात्री जेवणं उरकल्यावर ती एक दोनशेपानी वही घेऊन आली, ह्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "पप्पा, मला यंदा कुठंच ॲडमिशन घ्यायचं नाही. एक वर्ष मला द्या."

मी ओटा पुसत होते. 'एक वर्ष' कानावर पडलं आणि पोटात गोळा आला. मार्क चांगले आहेत, सीईटी दिलीय, ह्यांची पगाराची नोकरी आहे, घरात तिला शिकू नको म्हणणारं कुणी नाही. तरी गोळा आला. का आला ते त्या रात्री मला सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहितेय. पोस्ट लांबेल.

1996 साली मी बारावी झाले. आर्ट्सला 64 टक्के, गावातल्या मुलींत पहिली. कोल्हापूरला होस्टेलवर राहून बी.ए. करायचं एवढंच मनात होतं. आदल्या हंगामात द्राक्षबागेवर दावण्या रोग पडला होता, सोसायटीचं कर्ज थकलं होतं आणि भावाच्या डिप्लोमाचं ॲडमिशन त्याच जूनमध्ये होतं. दादा म्हणाले, "एक वर्ष थांब बाळ. पुढच्या जूनला नक्की घालतो." माझे वडील खोटं बोलणारे नव्हते. म्हणाले तेव्हा त्यांना तसंच करायचं होतं, याबद्दल मला आजही शंका नाही.

मी थांबले. पण घरी थांबलेली मुलगी लोकांच्या डोळ्यावर येते. दसऱ्याला सोनं द्यायला आलेल्या मामींनी विचारलं, "सध्या काय करतीस गं?" मी म्हटलं, "काही नाही, घरीच आहे." दिवाळीनंतर पहिलं स्थळ आलं. मार्गशीर्षात दुसरं. मुलगा नोकरीला, देण्याघेण्याची अट नाही, माणसं चांगली. नाही म्हणायला कुणाला कारणच सापडेना. 'मला शिकायचंय' हे कारण तेव्हा घरात कुणी कारण म्हणून धरलं नाही, आणि ते जोर लावून सांगायला माझ्याकडे एखाद्या कॉलेजची साधी पावतीही नव्हती. वैशाखात लग्न झालं. दादांनी सांगितलेला 'पुढचा जून' उजाडला तेव्हा मी इथं पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी, सासरी होते.

माझं वाईट झालं असं मी म्हणणार नाही. हे समजूतदार निघाले. थोरला दोन वर्षांचा झाल्यावर मी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात नाव घातलं. रविवारी संपर्क वर्गाला जायचं, पोराला सासूबाईंकडे ठेवायचं, रात्री पुस्तकं. पहिल्या वर्षाची फी दादांनी भरली. मी मागितली नव्हती. एसटीने आले, पैसे ह्यांच्या हातात दिले, चहा घेतला आणि लगेच परत गेले. त्या विषयावर ते माझ्याशी कधीच बोलले नाहीत, आणि आता ते नाहीत. पुढे बाहेरून एम.ए., मग बी.एड. केलं. आज मी ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवते. पण त्या एका वर्षाची भरपाई व्हायला चौदा वर्षं गेली.

आता याच घरातली दुसरी गोष्ट. 2017 साली थोरला बारावी झाला. नीटला मार्क कमी पडले. त्याने लातूरला जाऊन रिपीट केलं. क्लासची फी, रूम, मेस मिळून पावणेदोन लाख गेले. पुढच्या वर्षीही मेडिकलला नंबर लागला नाही. मग बी.फार्म केलं, आज पुण्यात कंपनीत आहे, बरं चाललंय. त्या वर्षाला आमच्या घरात, भावकीत, गल्लीत कुणीही 'गॅप' म्हटलं नाही. वर्ष वाया गेलं असंही नाही. "लातूरला आहे" एवढं सांगितलं की समोरचा मान डोलवायचा. त्याच्या त्या वर्षात त्याला एकही स्थळ आलं नाही, कुणी "सध्या काय करतोस" असं त्या सुरात विचारलं नाही. मुलाचं वर्ष परीक्षेसाठी गेलं तर ते तपश्चर्या. मुलीने तसंच एक वर्ष स्वतःच्या डोक्याने घालवायचं म्हटलं, की तिची आईच ओट्यापाशी गोठते. गोठलेली ती आई मी होते, याचं मला फार वाईट वाटलं.

कॉलेजात दरवर्षी एक गोष्ट बघते. काही मुली बारावीनंतर जवळच्या कॉलेजात बी.ए.ला नाव घालतात आणि एकाही तासाला बसत नाहीत. शिकणं हा त्यांचा हेतूच नसतो. एकीने मला स्पष्ट सांगितलं, "मॅडम, कॉलेज चालू आहे म्हणता येतंय ना, तेवढं वर्ष-दोन वर्षं निघतात." प्रवेशाची पावती ही या मुलींची ढाल आहे. लोक म्हणतात मुलींना शिक्षणाची आवड वाढली. वाढली आहेच. 2025 मध्ये बारावीला मुली 94.58 टक्के पास झाल्या, मुलगे 89.51 टक्के. पण त्या प्रवेशांतले किती शिकण्यासाठी आणि किती लग्न पुढं ढकलण्यासाठी, हे आपण कधी विचारत नाही.

वयाचं गणित बघा. बारावी होताना पोर अठराची होते किंवा व्हायच्या बेतात असते. कायद्याने मुलीचं लग्न अठराला करता येतं, मुलाचं एकविसाला. म्हणजे बारावीनंतर मुलाला कायद्यानेच तीन वर्षं मोकळी मिळतात आणि मुलीला एक दिवसही नाही. 2021 साली मुलीचं वय एकवीस करायचं विधेयक लोकसभेत आलं, पण त्याचा कायदा झाला नाही. एसटीचा शाळेचा मोफत पासही मुलींना बारावीपर्यंतच. नेमक्या त्याच जूनमध्ये सगळं एकदम सुटतं: शाळा, पास, वेळापत्रक, आणि "अजून शिकतीय ती" हे उत्तर.

म्हणूनच परदेशातल्या पोरांच्या गॅप इयरच्या गोष्टी वाचून लगेच 'आपल्याकडेही असं हवं' म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. तिथल्या काही विद्यापीठांत मिळालेली जागा वर्षभर राखून ठेवता येते. आपल्याकडे सीईटीचे मार्क त्या वर्षापुरते, पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा, पुन्हा प्रवेशाचे कॅप राउंड, वर गॅपचं प्रतिज्ञापत्र. जागा राखीव राहत नाही. आणि मुलगी 'राखून' ठेवतात ती दुसऱ्याच अर्थाने.

नवीन शैक्षणिक धोरणाने एक वाट काढलीय, ती पालकांना माहीत हवी. पहिलं वर्ष पूर्ण करून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं, दोन वर्षांनी पदविका. मिळवलेली क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, अकॅडमिक बँकेत जमा राहतात, सात वर्षांपर्यंत चालतात, आणि परत येता येतं. कागदावर हे चांगलं आहे. मुलाच्या बाबतीत मी डोळे झाकून सांगेन, एक वर्ष शिक, मग जाऊन ये. मुलीच्या बाबतीत मला त्या बाहेर पडायच्या दाराची भीती वाटते. "सर्टिफिकेट मिळालंय की, आता बास" असं म्हणायला ते किती सोपं झालंय! बाहेर पडलेल्या किती मुली परत आल्या, याचा हिशोब प्रत्येक कॉलेजने ठेवला पाहिजे.

मग मी काय म्हणते? मुलींनी गॅप घेऊच नये? चार-पाच दिवस मी हेच म्हणत होते. ॲडमिशन घे, सुट्टीत फीर. मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात फी माफीची सवलत आहे, ती हातची घालवू नको. सगळं सांगून झालं. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "आई, तू एकदा वही तरी वाच."

शेवटी वाचली.

पहिल्या पानावर 2019 चा पूर होता. तेव्हा ती बारा वर्षांची. आमच्या घरात माळ्यापर्यंत पाणी आलं होतं, आम्ही उंचावरच्या शाळेत राहिलो होतो. तिने लिहिलं होतं: "सगळे म्हणत होते पाणी वरून सोडलं, कुणी म्हणे अलमट्टीने अडवलं. मला तेव्हापासून बघायचंय की वर म्हणजे कुठं आणि अलमट्टी म्हणजे काय." पुढच्या पानांवर कृष्णा होती, टप्प्याटप्प्याने. क्षेत्र महाबळेश्वरचं पंचगंगा मंदिर, धोम धरण, वाईचे घाट, वेण्णा मिळते ते संगम माहुली. महाबळेश्वरातूनच निघालेली कोयना कराडला पुन्हा कृष्णेला समोरून येऊन भेटते, तो प्रीतिसंगम. मग आपलं औदुंबर, हरिपूरला वारणा, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा नदी. तिथून कर्नाटकात अलमट्टी धरण, पुढे श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाडा आणि शेवटी आंध्रात हंसलदीवी, जिथं नदी समुद्राला मिळते. साधारण चौदाशे किलोमीटर. महाराष्ट्रातले टप्पे एसटीने, कारण बायकांना निम्मं तिकीट आहे, हे तिने समासात लिहिलं होतं. एका पानावर कन्नड मुळाक्षरं गिरवली होती. प्रत्येक ठिकाणी विचारायचे प्रश्न होते: पूररेषा कुठं आहे, 2019 ला पाणी कुठवर आलं, विहिरीचं पाणी प्यायचं आहे का, वाळू कधी संपली.

तिला सिव्हिल इंजिनिअरिंग करायचंय की भूगोल, हे अजून ठरत नाही. "नदी बघितल्यावर ठरेल," असं शेवटच्या ओळीत होतं.

मी शिकवताना पंडिता रमाबाईंचं उदाहरण नेहमी देते. 1858 चा जन्म. लहानपणी शाळेचं तोंड पाहिलं नाही. आईवडील तीर्थयात्रा करत देशभर फिरत होते आणि त्या वाटेवर आई, लक्ष्मीबाई, लेकीला संस्कृत शिकवत होती. दुष्काळात आईवडील गेले, तरी बहीण-भाऊ चालत राहिले आणि 1878 मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी परीक्षा घेऊन वीस वर्षांच्या या मुलीला 'पंडिता' म्हटलं. त्यांच्या वाट्याला आलेली उपासमार कुणाच्याही वाट्याला येऊ नये. पण चालताना शिकता येतं हे मी दरवर्षी वर्गात सांगते, आणि घरातली पोर तेच म्हणाली तर मला ते ऐकू आलं नाही.

मग आम्ही तिघं बसलो. मी माझ्या 1996 बद्दल तिला पहिल्यांदाच सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, तुला थांबवलं होतं. मी निघालेय."

काही गोष्टी ठरल्या. वर्षाला तारखा आहेत: 1 जून ते पुढचा 31 मे. या काळात स्थळाचा विषय घरात नाही, आणि हे नातेवाइकांना ह्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगायचं, माझ्यावर टाकायचं नाही. ही अट मी घातली. कारण आई सांगते तेव्हा लोक "पोरीला डोक्यावर बसवलीय" म्हणतात आणि बापाने सांगितलं की ऐकतात. तसं असायला नको, पण आज तसं आहे. सप्टेंबरपर्यंत ती पलूसला ई-सेवा केंद्रात काम करतेय. सध्या प्रवेशांची गर्दी आहे, उत्पन्न, डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेयर, दिवसभर कागद स्कॅन करते. महिना पाच हजार, तिच्याच खात्यावर. प्रवासाचा निम्मा खर्च तिचा, निम्मा आमचा. रोज रात्री फोन, आणि प्रत्येक टप्प्याचं टिपण. सीईटी पुढच्या वर्षी पुन्हा द्यायची, त्याचा अभ्यास जानेवारीपासून. यातलं काही बिघडेल, मला माहीत आहे.

ज्यांच्या मुलामुलींना फिरण्यापेक्षा हाताने काही शिकायचंय त्यांनी शिरूर तालुक्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम बघावा. डॉ. कलबागांनी 1983 साली सुरू केला. तिथं वर्षभर राहून वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीजकाम शिकवतात. नातेवाइकांना सांगायला एक नाव मिळतं, हा फायदाही मी कमी मानत नाही. ज्या घरात खरंच पैसे नाहीत, तिथं मात्र मी आजही सांगेन की मुलीचं ॲडमिशन आधी करा, मुक्त विद्यापीठात का होईना. दादांच्या जागी उभं राहून मी विचार केलाय. पैसे नसताना दिलेला 'पुढच्या जून'चा शब्द मुलीला पाळून घेता येत नाही.

परवा कराडच्या आत्याबाईंचा फोन आला. ह्यांनी स्पीकरवर घेतला. मुलगा इंजिनिअर, पुण्यात फ्लॅट, "नुसतं बघून तर ठेवू." हे म्हणाले, "आत्या, तिचं वर्ष चालू आहे. पुढच्या जूनपर्यंत हा विषय नको, आणि त्यानंतर तिनं काढला तर." आत्याबाई रागावल्या. लेक आत भाकरी थापत होती. थापायचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

पाऊस यंदा मे महिन्यातच आला, नदी आताच गढूळ झालीय. ती निघणार नवरात्र झाल्यावर, पाणी उतरलं की. बरोबर तिची वर्गमैत्रीण आहे, तिच्या घरचेही तयार आहेत. वाई, संगम माहुली, कराड, नरसोबाची वाडी आणि पुढे विजापूर, बागलकोटकडे तुमच्यापैकी कुणाचं घर असेल, घरात बायकामाणसं असतील आणि दोन मुलींना एक-दोन रात्री ठेवून घेता येणार असेल, तर मला मेसेज करा. जेवणाचा त्रास नाही, दोघीही स्वयंपाक करतात. आणि तुमच्या घरात 2019 च्या पाण्याची खूण अजून भिंतीवर असेल, तर ती तेवढी पुसू नका. तिला मोजायची आहे.