शेऱ्याची जागा कोरी
नाणेप्रदर्शनातील शैक्षणिक स्पर्धेत दरवेळी एकच गोष्ट जिव्हारी लागते: गुणपत्रिकेत आकडे असतात, कारणे नसतात. ऑस्ट्रियाची राज्यकर्ती मारिया तेरेसा हिचा थालर (चांदीचे मोठे नाणे) तिच्या निधनानंतरही १७८० हेच वर्ष ठेवून व्हिएन्ना, लंडन, रोम, मुंबई अशा टाकसाळींत पाडला गेला आणि त्यातले कोणते नाणे कुठले, हे ठरवायला नाण्यावरील तिच्या ब्रोचचे मोती व मागील बाजूच्या गरुडाच्या शेपटीची पिसे कशी उपयोगी पडतात, हे मी भिंगाखाली रात्री जागवून मांडले. पेटीत एकच बाजू दिसते, म्हणून मागील बाजूंची छायाचित्रेही लावली. तरीही दुर्मीळतेचे गुण कापले आणि शेऱ्याची जागा कोरीच! स्वस्त नाणेही पुष्कळ शिकवते, हे मान्य नसेल तर स्पर्धेला शैक्षणिक का म्हणावे? निदान चुकले कुठे, हे एका ओळीत लिहायला परीक्षकांचे काय जाते?