इंडिपेंडन्सचा 1930 चा सामनाच पहिला का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या इंडिपेंडन्स या छोट्या शहराच्या मायनर लीग (मेजर लीगच्या खालच्या पातळीवरच्या व्यावसायिक) बेसबॉलवरच्या लेखाला तुम्ही तीन हरकती घेतल्या आहेत. दिव्यांखाली बेसबॉल 1880 सालीच खेळला गेला, म्हणून 28 एप्रिल 1930 ला इंडिपेंडन्समध्ये झालेल्या सामन्याला लीगचा रात्रीचा पहिला अधिकृत सामना म्हणणं ही गावाची फुशारकी, ही पहिली. श्रेय द्यायचंच तर ते आयोवा राज्यातल्या डे मॉइन शहराच्या क्लबला द्यावं, ही दुसरी. आणि दिवे म्हणजे मंदीत गर्दी खेचायचा निव्वळ तमाशा होता, ही तिसरी. तिन्ही मला मान्य नाहीत.

1880 चा सामना झाला, यात वादच नाही. 2 सप्टेंबरला मॅसॅच्युसेट्समधल्या नॅनटास्केट बीचवर बोस्टनच्या दोन मोठ्या दुकानांचे कर्मचारी खेळले. 100 फूट उंचीचे तीन लाकडी मनोरे, एकमेकांपासून 500 फुटांवर, प्रत्येकावर 12 दिवे. 16-16 वर खेळ थांबला, कारण परतीची बोट गाठायची होती. वीज कंपनीला आपल्या दिव्यांची जाहिरात करायची होती, खेळ हे निमित्त. 2 जून 1883 ला फोर्ट वेनमध्ये 17 दिव्यांखाली क्विन्सीचा व्यावसायिक संघ खेळला, पण समोर कॉलेजची मुलं होती आणि सामना नेहमीच्या नऊऐवजी सातच इनिंगचा. 1909 मध्ये ग्रँड रॅपिड्स आणि झेन्सव्हिल, 1927 मध्ये लिन आणि सेलम हे एकाच लीगमधले संघ रात्री एकमेकांशी भिडले, तरी तेही प्रदर्शनी सामनेच. इंडिपेंडन्सच्या प्रोड्यूसर्सनी मस्कोगीच्या चीफ्सकडून 13-3 असा सपाटून मार खाल्ला, आणि तो पराभव वेस्टर्न असोसिएशन या त्यांच्या लीगच्या गुणतक्त्यात नोंदला गेला. फरक इथे आहे. प्रदर्शनी सामन्यात चेंडू दिसला नाही तर लोक हसतात. लीगच्या सामन्यात त्याच चुकीने क्रमवारी बदलते.

मग मधली 50 वर्षं गाडं का अडलं? सुरुवातीच्या आर्क लॅम्पमध्ये दोन कार्बन कांड्यांच्या फटीत ठिणगी पेटती ठेवावी लागे. कांड्या जळत जात, फट वाढे आणि उजेड लुकलुके. मोजक्याच ठिकाणी डोळे दिपवणारा प्रकाश, मध्ये काळोखाचे पट्टे, खेळाडूंच्या गडद सावल्या. पिचरच्या हातातून सुटलेला चेंडू 60 फूट 6 इंचांचं अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत कापतो. तेवढ्यात दिवा एकदा जरी मंदावला तरी बॅटर फसला. उंच उडालेल्या चेंडूची तऱ्हा आणखी वाईट. आपल्याकडच्या नाइट टेनिस-बॉल स्पर्धांत हॅलोजनच्या वर गेलेला चेंडू काळोखात गडप होतो ना, तसंच. उपाय होता तो असा: तारेचे बल्ब, प्रत्येकामागे परावर्तक, आणि एकाच जागेवर वेगवेगळ्या खांबांवरून पडणारे अनेक झोत. त्यामुळे एका झोताची सावली दुसरा पुसतो. काही झोत मुद्दाम आकाशाकडे सोडायचे, आणि बॅटरच्या थेट नजरेत येईल असा खांब रोवायचा नाही. डे मॉइनमध्ये असे 146 प्रोजेक्टर होते.

डे मॉइनचं ऋण मोठं आहे, ते नाकारण्याचं कारण नाही. मालक ली कायझरने योजना 1929 मध्येच जाहीर केली, दिव्यांवर सुमारे 22,000 डॉलर ओतले, आणि 2 मे 1930 ला विचिटाविरुद्धचा सामना रेडिओवरून देशाला ऐकवला. सुमारे 12,000 लोक आले, डे मॉइन 13-6 ने जिंकलं. रात्रीचा खेळ देशाला पटवला तो कायझरनेच. पण तारीख चार दिवस नंतरची आहे, आणि गर्दी जास्त म्हणून तारीख मागे सरकत नाही.

तुमच्या प्रतिक्रियेत ज्यांचं नावच नाही, ते मला जास्त महत्त्वाचे वाटतात: कॅन्सस सिटी मोनार्क्स, कृष्णवर्णीय खेळाडूंचा संघ. संघाचा मालक जे. एल. विल्किन्सनने दिव्यांचे खांब ट्रकवर चढवले आणि जनरेटर सोबत घेऊन गावोगाव नेले. 28 एप्रिललाच ते ओक्लाहोमातल्या एनिडमध्ये त्या दिव्यांखाली खेळले. खांब ठेंगणे, त्यामुळे उंच चेंडू हरवायचे. जनरेटरचा आवाज कानठळ्या बसवणारा. तरीही रोज नव्या मैदानावर उभारणी करून खेळ होत होता. कृष्णवर्णीय खेळाडूंना ‘संघटित बेसबॉल’ने, म्हणजे मेजर आणि मायनर लीगच्या अधिकृत व्यवस्थेने, दाराबाहेर ठेवलं होतं, म्हणून मोनार्क्सची रात्र अधिकृत यादीत नाही. इंडिपेंडन्सच्या पहिलेपणावर आक्षेप घ्यायचाच असेल, तर तो इथून घ्या. तो मला वजनदार वाटतो.

राहिला तमाशाचा मुद्दा. छोट्या शहरातल्या क्लबचं पोट मुख्यतः तिकिटांवर चाले. इंडिपेंडन्स तेलाच्या पट्ट्यातलं गाव. दुपारी सामना सुरू व्हायच्या वेळी तिकीट काढू शकणारा माणूस कामावर असे. म्हणजे भरवसा फक्त रविवारवर आणि सुट्ट्यांवर. रात्री तोच माणूस जेवून, घरच्यांना घेऊन, कॅन्ससचं ऊन उतरल्यावर येऊ शकत होता. नव्याची नवलाई असती तर हंगामाबरोबर संपली असती. उलट क्लब चालवणाऱ्या लॅरी मॅकफेलने कोलंबसच्या मायनर लीग क्लबमध्ये रात्रीच्या खेळाचा हिशेब पाहिला आणि तोच प्रयोग सिनसिनाटीच्या मेजर लीग क्लबमध्ये नेला. 24 मे 1935 ला, 632 दिव्यांखाली, 20,422 प्रेक्षकांसमोर मेजर लीगची पहिली रात्र झाली. त्या हंगामात सिनसिनाटीत रात्रीचे सामने झाले फक्त सात.