आधी अंगठा

कंट्री या अमेरिकी लोकढंगाच्या संगीतातलं गिटारचं पिकिंग, म्हणजे तारा छेडायची पद्धत, शिकायला गिटार, वाढवलेली नखं आणि सोशीक घरचे एवढं पुरतं, असा माझा समज होता. पण त्याआधी कोणाचे व्हिडिओ बघून शिकायचं हे ठरवावं लागतं. रात्री जेवणं झाली की मी धडे निवडायला बसतो आणि गिटार खोळीत सुखाने झोपते.

पहिली अडचण म्हणजे कंट्री पिकिंग ही एक गोष्टच नाही. मर्ल ट्रॅव्हिस या गिटारवादकाच्या पद्धतीत अंगठा जाड तारांवर आलटूनपालटून ठेका धरतो आणि तर्जनी वर चाल वाजवते. मेबेल कार्टरच्या पद्धतीत नेमकं उलटं: चाल अंगठ्याकडे, आणि बाकीच्या तारांवरून कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, झाडत जायचं काम बोटांकडे. तिच्या कार्टर कुटुंबाने अमेरिकेतल्या ब्रिस्टलला पहिली रेकॉर्डिंग केली ती 1927 साली, म्हणजे हा घोळ बराच जुना आहे. डॉक वॉटसनच्या वाटेने जायचं तर बोटं विसरा, सगळं एका पिकवर, म्हणजे तारा छेडायच्या चिमुकल्या पातीवर. आणि चिकन पिकिंग म्हणजे बहुधा टेलिकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार घेऊन, पिक चिमटीत धरून उरलेल्या बोटांनी तारा अशा उचकायच्या की कोंबडी चिडल्याचा भास व्हावा. ते मी तूर्त बाजूला ठेवलंय. घरात तेवढा एकोपा शिल्लक राहिला पाहिजे.

ट्रॅव्हिस ठरलं. मग गुरू.

प्रत्येक मालिकेची झलक असते. झलकेत गुरुजी शिकवत नाहीत, वाजवतात. तेही असं, की आपल्याला शिकावंसं वाटण्याऐवजी गिटार विकावीशी वाटते. मग ते हसून म्हणतात, ‘आता हेच हळू बघू’, आणि त्यांचं हळू माझ्या स्वप्नातल्या वेगाहूनही जलद असतं. मी व्हिडिओ निम्म्या गतीवर टाकतो. सूर तेवढेच राहतात, पण गुरुजींचा आवाज पहाटे चार वाजता उठवलेल्या माणसासारखा येतो. शिवाय कॅमेरा बघावा तर डाव्या हातावर. या विद्येतलं सगळं गुपित उजव्या हातात, आणि तो हात हॅटच्या सावलीत! काही जण तर पूर्वरंगातच पहाट करणाऱ्या कीर्तनकारांच्या कुळातले. बालपण, पहिली गिटार, दुसरी गिटार, अॅम्प्लिफायर. धडा संपायला आला तरी तार काही छेडली जात नाही.

त्यात मतभेद. एक म्हणतो, करंगळी गिटारच्या अंगावर टेकवा, हात स्थिर राहतो. दुसरा म्हणतो, टेकवलीत तर हात कायमचा आखडला म्हणून समजा. अंगठ्यात घालायचा थम्बपिक एकाच्या मते पहिल्या दिवसापासून हवा, दुसऱ्याच्या मते मुळीच घाई नको. दोघंही उत्तम वाजवतात, हीच पंचाईत. खाली सवलतीचं घड्याळ उलटं पळत असतं: ही संधी आज संपणार. पान पुन्हा उघडलं की घड्याळाला नवं आयुष्य मिळतं. तेवढा उत्साह माझ्या अंगठ्यात असता तर!

यावर चेट अॅटकिन्स या गिटारवादकाची गोष्ट फार टोचते. तरुणपणी त्याने ट्रॅव्हिसला ऐकलं ते रेडिओवर. हात दिसायचा प्रश्नच नव्हता. एवढे सूर एका तर्जनीचे नसणार असं धरून तो अंगठ्याबरोबर दोन-तीन बोटं वापरायला शिकला आणि त्यातून त्याची स्वतःची शैली उभी राहिली. त्याला कॅमेऱ्याचा एकही कोन मिळाला नव्हता. मला चार मिळतात, आणि मी पाचवा असलेली मालिका शोधतोय.

शेवटी मी झलक बघणंच सोडलं आणि थेट पहिला धडा बघायला लागलो. तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात त्या ब्रिजपाशी तळहाताची कड कुठे टेकवायची, म्हणजे जाड तारा दबक्या वाजतील, हे सांगतो का? चालीचा सूर अंगठ्याच्या ठोक्याबरोबर पडतो की दोन ठोक्यांच्या मधे, हे मोजून दाखवतो का? आणि मुख्य म्हणजे, तो पुरेसा कंटाळवाणा आहे का? या कसोटीवर एकच गृहस्थ उतरले. हॅट नाही, विनोद नाहीत, मागे लटकवलेल्या गिटारी नाहीत. पहिल्या धड्यात त्यांनी सांगितलं, ‘बोटं मिटून ठेवा, फक्त अंगठा. झोपेतही चुकणार नाही इतका सवयीचा झाला की मग पुढचा धडा उघडा.’

पैसे भरले. खोळ उघडली. तेव्हापासून धुम्-धुम्, धुम्-धुम् चाललंय. पहिले काही दिवस घरात कोणी काही बोललं नाही. काल मात्र ही दारात येऊन उभी राहिली, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाली, ‘अहो, गाणं सुरू व्हायच्या आधी सांगाल ना? मी आत जाऊन बसले की नेमकं सुरू व्हायचं.’