एक्डिस, अलार्म आणि प्रशिक्षण : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली सविस्तर प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे, की मी मागील लेखात एक्डिसच्या, म्हणजे जहाजाचा मार्ग आखून दाखवणाऱ्या आणि धोक्याचे इशारे देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सागरी नकाशा-यंत्रणेच्या, भरवशावर झालेल्या अपघातांचे खापर अपुऱ्या प्रशिक्षणावर फोडले. प्रत्यक्षात प्रशिक्षित अधिकाऱ्यांच्या हातूनही जहाजे रुतली आहेत, तेव्हा दोष यंत्रणेच्या रचनेत आहे आणि ती सुधारली की आणखी कोर्सची गरज उरणार नाही. यातील पहिले निरीक्षण मला मान्य आहे. त्यावरून आपण काढलेला निष्कर्ष मान्य नाही.

आपण 'ओव्हिट' या टँकरचा दाखला दिला आहे. तो १८ सप्टेंबर २०१३ रोजी डोव्हरच्या सामुद्रधुनीत वार्न बँक या उथळ भागावर रुतला, आणि त्यावर बसवलेल्या एक्डिसचे प्रशिक्षण देण्यात आले होते, हे ब्रिटिश अपघात-तपास अहवालातच नमूद आहे. अलार्मचा आवाज बंद होता, हा यंत्रणेचा दोषही खराच. परंतु तोच अहवाल पुढे सांगतो, की मार्ग एका अननुभवी कनिष्ठ अधिकाऱ्याने देखरेखीविना आखला होता, निघण्यापूर्वी कॅप्टनने आणि वॉच (जहाज चालवण्याची पाळी) घेताना अधिकाऱ्याने तो तपासला नाही, स्क्रीनवरील चार्टचे (सागरी नकाशाचे) स्केल अयोग्य होते, आणि उथळ भागावरील खुणा डोळ्यांना दिसूनही त्यांची दखल घेतली गेली नाही. जहाज रुतले आहे, हे वॉचवरील अधिकाऱ्याच्या लक्षात यायला १९ मिनिटे लागली. ही १९ मिनिटे अलार्मच्या बिघाडाने पूर्णपणे समजत नाहीत.

'म्यूरोस' या मालवाहू जहाजाचे प्रकरण आपल्या युक्तिवादाला अधिक अडचणीचे आहे. डिसेंबर २०१६ मध्ये ते इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळील हेजबरो सँड या उथळ वाळूच्या पट्ट्यावर रुतले. बदललेला मार्ग तिथून जातो हे यंत्रणेच्या मार्ग-तपासणीने आपणहून दाखवले होते. ते इशारे दुर्लक्षिले गेले, आणि नजरेने केलेली तपासणी लहान स्केलच्या, म्हणजे कमी तपशील दाखवणाऱ्या, चार्टवर झाल्याने धोका दिसलाच नाही. म्हणजे यंत्रणेने तिचे काम केले होते.

यावर आपण म्हणाल, की मार्ग-तपासणी इशाऱ्यांचा इतका ढीग समोर टाकते, की तो कोणी वाचत नाही. हे खरे आहे आणि त्यात रचनेचा वाटा मोठा आहे, हेही मी नाकारत नाही. मात्र तो ढीग किती उंच होईल हे बऱ्याच अंशी आपणच भरलेल्या आकड्यांवर ठरते. खुल्या समुद्रासाठी ठेवलेली मार्गाच्या दोन्ही बाजूंची रुंदी अरुंद पाण्यातही तशीच ठेवली, तर ज्या जागी जहाज कधी जाणारच नाही तिथले धोकेही यादीत येतात आणि खरा धोका त्यांत बुडून जातो.

सेफ्टी कंटूरचे, म्हणजे सुरक्षित आणि उथळ पाणी वेगळे करणाऱ्या खोलीच्या रेषेचे, उदाहरण जरा खोलात जाऊन पाहू, कारण आपल्या-माझ्या मतभेदाचे मूळ तिथेच आहे. समजा, जहाजाचा ड्राफ्ट (पाण्याखाली बुडालेला भाग) ९.५ मीटर आहे, वेगामुळे होणारा स्क्वॅट (जहाजाचे आणखी खाली बसणे) १ मीटर धरला आणि तळाखाली १.५ मीटर पाणी हवे आहे. भरतीचा आधार घेतलेला नाही. म्हणजे किमान १२ मीटर खोली हवी. अधिकारी १२ हा आकडा भरतो. परंतु चार्टमध्ये खोलीच्या रेषा ५, १०, २० आणि ३० मीटरच्याच असतील, तर यंत्रणा नियमानुसार पुढची खोल रेषा, म्हणजे २० मीटरची, निवडते. आता १५ मीटर खोलीचे चालण्याजोगे पाणीही धोक्याच्या बाजूला जाते आणि अलार्म वाजू लागतो. वैतागलेला अधिकारी आकडा १० करतो. अलार्म शांत होतो खरा, परंतु १० मीटरच्या रेषेवर स्क्वॅट धरून १०.५ मीटर पाणी लागणारे हे जहाज आधीच तळाला टेकलेले असेल. योग्य मार्ग असा, की २० मीटरची रेषा तशीच ठेवावी, सेफ्टी डेप्थ (खोलीचे सुटे आकडे ठळक करण्याची मर्यादा) १२ ठेवून त्याहून उथळ आकडे ठळक करून घ्यावेत आणि नेमकी धोक्याची हद्द हाताने आखून तिला अलार्म जोडावा. त्यातही एक मेख आहे : खोलीचे सुटे आकडे स्टँडर्ड डिस्प्लेमध्ये, म्हणजे यंत्राच्या नेहमीच्या दृश्यात, दिसतच नाहीत, ते मुद्दाम लावावे लागतात. शिवाय ज्या पाण्याचे सर्वेक्षण 'सी' या कमी अचूकतेच्या दर्जाचे आहे, तिथे छापील १४ मीटरमध्ये २.७ मीटरपर्यंत चूक गृहीत धरावी लागते, म्हणजे प्रत्यक्षात ११.३ मीटरच असू शकतात.

हा निर्णय कोणत्याही मेनूत सापडत नाही. इलेक्ट्रॉनिक चार्टसाठीच्या नव्या एस-१०० मानकांमुळे काही गोष्टी सुधारतील. १ जानेवारी २०२९ पासून नव्याने बसवल्या जाणाऱ्या एक्डिसना ती बंधनकारक आहेत, आणि सविस्तर खोली व पाण्याची पातळी यांची माहिती उपलब्ध असेल तिथे २० मीटरच्या रेषेची ही सक्तीही सैल होईल. आपली रचनेकडून असलेली अपेक्षा त्यामुळे निराधार नाही. तरीही स्क्वॅट किती धरायचा, सर्वेक्षणावर किती विश्वास ठेवायचा आणि तळाखाली किती पाणी पुरेसे मानायचे, हे ब्रिजवरच्या माणसालाच ठरवावे लागेल.

आपल्या एका टीकेशी मात्र मी पूर्ण सहमत आहे. एक्डिसचा ४० तासांचा नमुना कोर्स एका बनावटीच्या यंत्रावर होतो आणि जहाजावर दुसरेच यंत्र निघते, मग संगणकावर काही पाने पुढे ढकलून 'ओळख झाली' असे लिहून मोकळे होतात. अशा सोपस्काराला मी प्रशिक्षण म्हणत नाही आणि त्याचे समर्थनही करत नाही. माझा आग्रह वेगळ्या परीक्षेसाठी आहे : उमेदवाराला कोऱ्या स्क्रीनवर मार्ग आखायला सांगण्याऐवजी आधीच आखलेला, सफाईदार दिसणारा आणि एका टप्प्यावर उथळ पाण्यावरून जाणारा मार्ग द्यावा, त्यात सेफ्टी कंटूर चुकीचा ठेवावा, काही अलार्म बंद करावेत आणि हे सारे कोणत्या स्केलवर, कोणत्या क्रमाने तपासून शोधले याचे उत्तर मागावे. जहाजावर नव्याने रुजू झालेल्या अधिकाऱ्याची पहिल्या वॉचपूर्वी हीच तपासणी त्या जहाजाच्या यंत्रावर कॅप्टनने स्वतः घ्यावी, म्हणजे बनावटीतील फरकाचा आपला आक्षेपही तिथेच निकाली निघेल.