‘एवढ्याने काय होतंय!’

सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय. लांबणार आहे, आधीच सांगते.

आज रविवार. नात्यातल्या एका घरी पोहे-जिलबीचा बेत होता. इंदूरच्या रविवारी दुसरं असणार तरी काय! वाफेवरचे पोहे, वर शेव, कांदा, जीरावन मसाला, सगळं साग्रसंगीत. माझ्या वहिनीने पोहे घेतले, शेव नको म्हणाली, जिलबी नको म्हणाली आणि डिशवर हात आडवा धरला. तरी एका काकूंनी तो हात बाजूला ढकलून गरम जिलबी सारलीच. पाक तिच्या बोटांवरून मनगटापर्यंत ओघळला, बांगड्या चिकट झाल्या. सगळे खो खो हसले. “एवढ्याने काय होतंय गं! किती ते मोजूनमापून जगायचं!” वहिनीही कसनुसं हसली आणि हात धुवायला गेली.

मला नाही हसू आलं.

काय होतंय ते मी सांगते. गेल्या वर्षी वहिनीचा एचबीए१सीचा रिपोर्ट ६.२ आला. मागच्या दोन-तीन महिन्यांत रक्तात सरासरी साखर किती होती, ते या तपासणीत कळतं. ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा, ६.५ पासून पुढे मधुमेह. तिच्या मधुमेही आईच्या पायाची जखम शेवटपर्यंत भरली नव्हती. ती ड्रेसिंग वहिनीनेच केली आहेत. त्या बाईने जिलबीला नाही म्हटलं तर ते नखरे?

आणि उंबरठ्यावर ती एकटी आहे का? २०२३ साली आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासाचे आकडे आले, तेव्हा देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आणि १३ कोटींहून जास्त उंबरठ्यावरचे निघाले. आज खो खो हसणाऱ्यांतही दोन-चार नक्की असतील. तपासलंय कोणी?

दुसरा वैताग त्या ‘मोटिव्हेशन’वाल्यांचा. इच्छाशक्ती हवी, मनाचा निर्धार हवा, पहाटे चारला उठा. सगळ्या ग्रुपवर रोज तेच. वहिनीला मी एकदा विचारलं होतं, रोज चालायला जायचा हुरूप कुठून आणतेस? म्हणाली, “अगं, मला एकाही दिवशी जावंसं वाटत नाही. खालून हाक येते म्हणून जाते.”

ही हाक शेजारच्या भाभींची. लोकमान्यनगरात त्यांचं घर वहिनीला लागूनच. सहाच्या सुमारास फाटकाशी उभ्या राहतात आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, “भाभी, आ जाओ!” वहिनी डोळे चोळत, आदल्या रात्रीचीच वेणी तशीच ठेवून खाली उतरते. खाली माणूस उभं असताना झोपून राहायची लाज वाटते, एवढंच. थंडीत भाभींना कंटाळा आला की वहिनी जाऊन त्यांची बेल दाबते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं भरभर चाला म्हणते. या दोघींनी ते कुठे वाचलेलंही नाही, गप्पा मारता मारता त्याहून जास्त होतं.

स्वयंपाकघरातही तिने काही क्रांती केलेली नाही. शेव किलोने यायची ती पावशेराने येते आणि डबा टेबलावरून उचलून माळ्यावर गेला. आमचा दादा दोन आठवडे धुसफुसला, वरणावर शेव नाही म्हणजे जेवण कसलं म्हणून. स्टूल घेऊन चढायचा मात्र त्याला कंटाळा. रात्री पोळीऐवजी ज्वारीची भाकरी, ताटात आधी कोशिंबीर आणि भाजी, भात नावापुरता. जेवण झालं की घरातच फेऱ्या मारते, कारण चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात हे तिला डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. पुण्याचे पाहुणे आले की ती सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीतही येते, भुट्ट्याचा कीस दोघींत एक घेते. उपाशी राहणारी बाई नाही ती.

किती सांभाळून, किती हळूहळू बसवलंय तिने हे सगळं! लिहिता लिहिता मलाच तिचं कौतुक वाटायला लागलंय. घर, नोकरी, सासूबाईंचं दुखणं, मुलीची दहावी, सगळं करून.

आणि मग आपण तिच्या डिशमध्ये जिलबी सारतो.

हो, आग्रह ही आपली माया आहे, मान्य. माझी आजी तर पंगतीत वाटी उपडी घातली तरी वाढायची. पण आजीच्या काळी विहिरीचं पाणी शेंदायला लागायचं आणि श्रीखंड वर्षातून दोनदा व्हायचं. आता आपल्याकडे प्रत्येक आठवड्याला कोणाचा तरी वाढदिवस, कोणाचं तरी केळवण, कोणाची तरी भिशी. प्रत्येक ठिकाणी ‘आज एक दिवस’. बेरीज करा ना त्या एकेक दिवसांची! काही लोक आपलं पथ्य फार मिरवतात आणि समोरच्याच्या घासाकडे बघत राहतात, तेही मला आवडत नाहीच. वहिनी त्यातली नाही.

आपल्या शहराने कचऱ्याचं काय केलं ते आठवा. २०१७ला देशात स्वच्छतेत पहिला नंबर आला आणि पुढे वर्षानुवर्षं टिकला. तो काय इंदूरवाल्यांची इच्छाशक्ती रातोरात वाढली म्हणून? रोज सकाळी गाडी गाणं वाजवत दारात येते, ओला वेगळा, सुका वेगळा द्यावाच लागतो, रस्त्यावर टाकलं तर दंड होतो आणि शेजारी बघतात. आज कोणी रस्त्यात पुडी टाकली तर आपणच टोकतो, “अरे भिया, उठाओ!” तिथे कोणी म्हणत नाही की एवढ्याने काय होतंय.

बारा जानेवारीला शाळाशाळांत सामूहिक सूर्यनमस्कार होतात. छान दिसतं, फोटो येतात. तेराला त्या पोरांबरोबर कोण घालतं नमस्कार? घरातलं एक माणूस रोज शेजारी उभं राहिलं असतं तर पोरांना आपोआप सवय लागली असती. अंगात शिस्त लागतेच, नाही म्हणत नाही. पण एकट्या माणसाच्या शिस्तीला रोज दहा जण मिळून सुरुंग लावत असतील तर ती किती दिवस टिकणार?

त्या काकू ही पोस्ट वाचतील, मला माहीत आहे. वाचा. तुमच्यावर राग नाही, असं लिहिणार होते, पण आहे. वहिनी सकाळी जे अर्धा-पाऊण तास चालते, त्या हिशेबात तुमची ती जिलबी नव्हती. पुढच्या वेळी तिच्या डिशमध्ये काकडी वाढा, ती आवडीने खाईल.

पुढच्या महिन्यात आमच्याकडे केळवण आहे. जिलबी असेल, शेवही असेल. पण वाढण्याआधी विचारलं जाईल आणि नको म्हटलं की पुढच्या पानावर जायचं. ज्यांना यात अपमान वाटतो त्यांनी आत्ताच कळवा.

आणि ज्यांना सकाळी खालून हाक मारायला कोणी नाही, त्यांनी कमेंटमध्ये आपली कॉलनी लिहा. राजेंद्रनगर, सुदामानगर, रामबाग, कुठलीही. जवळपासच्या दोघी-दोघींची जोडी मी लावून देते. वहिनीला विचारलंय, लोकमान्यनगरात तिसरी बाई चालेल म्हणाली. फक्त सहाला तयार राहायचं, भाभी दोनदा हाक मारत नाहीत.