मुलाचा हप्ता झेपत नाही म्हणून लगेच एफडी मोडू नका

पुण्यात, ठाण्यात, डोंबिवलीत पन्नास लाखांचं कर्ज काढून घर घेतलेल्या मुलाची किंवा मुलीची ओढाताण सुरू झाली, की आईवडिलांचं वाक्य ठरलेलं असतं: "माझ्या ग्रॅच्युइटीतले पाच लाख टाक कर्जात, तेवढाच भार हलका होईल." माया खरी आहे, पण भार हलका होत नाही. निदान या महिन्यात तरी नाही.

हिशोब करून बघा. 50 लाख, 8.5 टक्के, 20 वर्षं. हप्ता 43,391 रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले 35,417 नुसते व्याजात जातात. या कर्जात 5 लाख भरले, की बँक बहुतेक वेळा हप्ता तोच ठेवते आणि मुदत कमी करते. फायदा होतो, पण तो पंधरा-सोळा वर्षांनी दिसेल. पुढच्या पाच तारखेला खात्यातून 43,391 च वळते होणार. "मुदत तीच ठेवा, हप्ता कमी करा" असा लेखी अर्ज दिला तरी नवा हप्ता 39,052. म्हणजे पाच लाख देऊन महिन्याला 4,339 रुपयांची सुटका. तेच पाच लाख वेगळे ठेवून त्यातून हप्ते भरले, तर साडेअकरा महिने निघतात.

म्हणून मुलाला पहिला प्रश्न "किती हवेत?" हा विचारू नका. "हे किती महिने चालेल?" हे विचारा. नोकरी गेली आहे, बाळंतपणामुळे एक पगार थांबला आहे, आजारपण आहे, तर वेळ विकत घ्यायचा आहे. मुद्दलाला हात लावायचं कारण नाही. दोघांचे पगार नीट चालू असूनही दर महिन्याला दहा हजार कमी पडत असतील, तर ते घर त्या पगाराला मोठं आहे. तिथे सहा महिने हप्ते भरून सातव्या महिन्यात परिस्थिती तीच राहते.

दुसरं, मुलाची सगळी कर्जं एका कागदावर मांडायला लावा. लाज वाटेल, तरी मांडायला लावा. घराचा हप्ता थकण्यामागे खूपदा घर नसतंच. इंटिरिअरसाठी काढलेलं पर्सनल लोन, गाडी, क्रेडिट कार्डाची किमान रक्कम भरत पुढे ढकललेली थकबाकी असते. समजा पर्सनल लोनचे 3 लाख बाकी आहेत, 14 टक्के दर, दोन वर्षं शिल्लक. त्याचा हप्ता 14,404. हे 3 लाख तिकडे भरले, की दर महिन्याला चौदा हजार मोकळे होतात. घराच्या कर्जात हेच 3 लाख भरून, हप्ता कमी करून घेतला, तरी जेमतेम 2,600 सुटतात. पर्सनल लोन मुदतीआधी बंद करायचं शुल्क किती, तेवढं आधी विचारा. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर ती सगळ्यात आधी.

आता बँकेकडे. मंजुरीपत्र आणि कर्जखात्याचा उतारा काढा, दर कशाला जोडला आहे ते बघा. 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांची नवी बदलत्या दराची घरकर्जं रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो) बाहेरच्या दराला जोडलेली असतात. त्याआधीची कर्जं अजून एमसीएलआर किंवा बेस रेट या बँकेने स्वतः ठरवलेल्या दरांवर रेंगाळत असू शकतात आणि रेपो उतरला तरी त्यांच्यापर्यंत तो उशिरा पोचतो. फेब्रुवारी ते जून 2025 मध्ये रेपो 6.50 वरून 5.50 वर आला. वरच्या कर्जात एक टक्का म्हणजे महिन्याला साधारण 3,100 रुपये. थोडं शुल्क भरून दर बदलून मिळत असेल तर तो अर्ज आजच करा. दर उतरल्यावरही बँक हप्ता तसाच ठेवून मुदत कमी करत असेल, तर तिथेही लेखी मागणी हवी.

मुदत वाढवणं हा पुढचा उपाय. 20 ऐवजी 30 वर्षं केली तर हप्ता 38,446 होतो, पण एकूण व्याज 54 लाखांवरून 88 लाखांवर जातं. मला हा उपाय वाईट वाटत नाही, एका अटीवर: पगार वाढला की हप्ताही वाढवून घ्यायचा. बदलत्या दराच्या वैयक्तिक घरकर्जावर मुदतीआधी पैसे भरायला दंड नाही. मात्र मुदत वाढवायची ती पहिला हप्ता चुकण्याआधी. थकल्यावर गेलात तर तोच बदल पुनर्रचना म्हणून नोंदला जाऊ शकतो आणि सिबिलच्या पतअहवालात दिसतो.

हप्ता चुकल्यापासून दिवस मोजायला लागा. 30 दिवसांपर्यंत खातं एसएमए-0 (बँकेच्या खास नजरेखालचं खातं), 60 पर्यंत एसएमए-1, 90 पर्यंत एसएमए-2, त्यापुढे एनपीए, म्हणजे अनुत्पादक खातं. एकदा एनपीए झालं की एखादा हप्ता भरून चालत नाही, सगळी थकबाकी चुकती केली तरच खातं पुन्हा नियमित होतं. नंतर सरफेसी कायद्याची (बँकेला कोर्टात न जाता गहाण घर ताब्यात घेऊ देणारा कायदा) कलम 13(2) ची नोटीस येते आणि 60 दिवसांची मुदत मिळते. तिला लेखी उत्तर द्या. बँकेला 15 दिवसांत त्यावर खुलासा द्यावा लागतो. पुढे ताब्याची कारवाई झाली तर 45 दिवसांत डीआरटीकडे, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येतं. वसुलीवाल्यांना सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 च्या नंतर फोन करायची परवानगी नाही. हे सगळं नोटीस आल्यावर शोधू नका, आत्ता माहीत असू द्या. पैसे पाठवणार असाल तर हप्त्याच्या तारखेआधी दोन-तीन दिवस पाठवा. एनएसीएच (खात्यातून हप्ता आपोआप वळता करायची सूचना) परत गेलं की बाऊन्सचं शुल्क दोन्ही बँका लावतात.

तुमच्या पैशांबद्दल माझं मत कडक आहे. दोन वर्षांचा घरखर्च आणि मेडिक्लेमचा हप्ता बाजूला काढा, त्याला हात नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतले पैसे एक ते दोन वर्षांत काढले तर 1.5 टक्के आणि दोन वर्षांनंतर 1 टक्का कापला जातो. पहिल्या वर्षात काढले तर मिळालेलं व्याज वसूल होतं. गरज थोड्या महिन्यांची असेल तर एफडी मोडण्यापेक्षा तिच्यावर कर्ज किंवा ओव्हरड्राफ्ट घ्या, एफडीच्या व्याजापेक्षा साधारण एक-दोन टक्के जादा दराने मिळतो. स्वतःचं राहतं घर गहाण ठेवू नका. जामीनदार होऊ नका: कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, बँक थेट तुमच्याकडे येऊ शकते.

पैसे चेकने किंवा खात्यातूनच द्या. आईवडिलांनी मुलाला दिलेल्या भेटीवर मुलाला आयकर नाही, रक्कम कितीही असो. साध्या कागदावर भेटीचं पत्र लिहून ठेवा. परत हवे असतील तर कर्ज म्हणून लिहा. 20,000 किंवा त्याहून मोठं कर्ज रोखीने घेणं-फेडणं आयकर कायद्याला चालत नाही. सुनेच्या नावे दिलेत तर त्या पैशांवरचं उत्पन्न तुमच्याच उत्पन्नात धरलं जातं. आणि दुसऱ्या मुलाला किंवा मुलीला आजच सांगा, मृत्युपत्रात नोंदही करा. या रकमेचा कागद तेराव्यानंतर कपाटात सापडला की भावंडं कोर्टात जातात.

आणि घर खरंच पगाराला मोठं असेल तर विका. हप्ता थकल्यापासून 90 दिवसांच्या आत, स्वतः, बाजारभावाने. बँकेकडून फोरक्लोजर लेटर (कर्ज बंद करायला किती भरायचे ते पत्र) आणि ताब्यातल्या कागदपत्रांची यादी घ्या. खरेदीदाराची बँक आधी तुमच्या बँकेचं कर्ज भागवते, उरलेलं तुमच्या खात्यात. सोसायटीची थकबाकी आधी चुकती करा, तिच्यावर व्याज लागू शकतं आणि एनओसी तिथेच अडते. ताबा घेतला ते आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत विकलं, तर जुन्या करप्रणालीत 80सीखाली मुद्दलावर घेतलेली सूट परत उत्पन्नात धरली जाते, ते सीएला विचारून घ्या. कर्ज पूर्ण फिटल्यावर बँकेने मूळ कागद 30 दिवसांत द्यायचे असतात. तिच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई मिळते, ती मागा.